साळूमावशीचा फोटो

आळ्याला मी गेले होते ते फक्त एक जुना कॉम्प्युटर आणायला.

बसा तुम्ही. लाईट गेलीय, ती येईस्तोवर तुमच्या हार्ड डिस्कचं काही होणार नाही. इन्व्हर्टरवर मी दुकानातलं काहीच चालवत नाही, फक्त तो माळ्यावरचा काळा डबा चालू ठेवते. मघापासून तुमची नजर तिकडंच जातेय. सगळेच विचारतात, आणि मी सगळ्यांना सांगत नाही. पण तुम्ही तुमच्या आईचे फोटो परत मिळवायला आलाय, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तर आळं. माझ्या आईचं माहेर. दादाभाऊ मामाचा बंगला फाट्यापासून बराच आत, चारी बाजूंनी ऊस. मामाची मुलं पुण्याला गेली तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर जिन्याखाली पोत्यात पडून होता. मी मागितला तर मामा म्हणाला, "ने की. भंगारवाल्याला देणारच व्हतो." मामीनं चहा केला. मी पोतं गाडीच्या पुढ्यात ठेवलं आणि निघाले. कशाला हवाय, हे दोघांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथंच जुंपली असती.

मला साळूमावशीचा फोटो शोधायचा होता.

साळुबाई म्हणजे आईची थोरली बहीण. लग्न झालं, नवरा लगेच गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. तेव्हापासून मरेपर्यंत ती मामाच्या घरात राबली. कांद्याची लागण तिनं करायची, गाईंच्या धारा तिनं काढायच्या, मामाच्या पोरांची गू-मुतं तिनं काढली. घरात इतकी लग्नं झाली, बारशी झाली, बंगल्याची वास्तुशांत झाली. प्रत्येक वेळी हजार माणसांच्या भाकऱ्यांवर हिची देखरेख. पण फोटोवाला आला की कोणीतरी म्हणणार, "साळू, तेवढं आतलं बघ." विधवा बाई हळदीत नको, मग फोटोत कशाला? आणि ती आत जायची. भांडायची नाही. मला तिचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू.

ती गेली तेव्हा घरात तिचा एक फोटो निघेना. आधार कार्ड होतं, पण ते पदराच्या गाठीत भिजून भिजून तोंडाच्या जागी पांढरा डाग राहिलेला. दुसरं काढायचं तर तिच्या नावावर मोबाईल लागतो. तो तिला कोणी दिला होता?

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं दशक्रियेला घाटावर फ्लेक्स लागतोच. फ्लेक्स नाही म्हणजे घराण्याची अब्रू गेली. मग मामानं काय करावं? माझ्या आईचा फोटो दिला. जिवंत बाईचा. आईला विचारलंसुद्धा नाही. "दोघी भैणी सारख्याच दिसत्यात, कुणाला कळतंय," म्हणे. आम्ही घाटावर पोचलो तर समोर माणसाएवढी माझी आई, कपाळाला कुंकू, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि गळ्यात झेंडूचा हार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्लेक्स ओढायला धावले तर मामानं दंड धरला. "पावणं आल्यात. शोभा करू नको." मग पुढारी एकेक करून बोलले. साळुबाई किती प्रेमळ, किती कष्टाळू. एकानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. कावळा काही पिंडाला शिवेना. पुढाऱ्यांना पुढं दुसरी दशक्रिया होती, म्हणून मामानं दर्भाचा कावळा करायला लावला आणि उरकून टाकलं. माझी आई कडेच्या पायरीवर बसून, लोक तिच्याच फोटोला हात जोडताना बघत होती. आईचं नाव कुशाबाई. त्या दिवशी तिला कुशाबाई म्हणून कोणी हाकसुद्धा मारली नाही.

तिथनं सुरू झालं.

पहिल्यांदा कळलं ते रेशनच्या केवायसीला. आता चेहरा दाखवून करतात ना मोबाईलवर. माझी झाली, शेजारणीची झाली, आईची होईना. दुकानदारानं तिला उजेडात उभं केलं, भिंतीपुढं उभं केलं, चष्मा काढायला लावला. मोबाईल एकच सांगायचा, चेहरा सापडला नाही. तो बिचारा हसून म्हणाला, "मावशी, मोबाईल खराब दिसतोय." मागच्या म्हातारीची लगेच झाली. 

मग घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या या दुकानात आलेली माणसं विचारायला लागली, "काकू नाहीत का?" काकू समोर खुर्चीत बसलेल्या. एकदा तर एक गिऱ्हाईक तिच्या अंगावरच बसायला गेलं. आईचं जेवण तुटलं, अंग उतरलं. मंचरला डॉक्टरला दाखवलं, सगळ्या तपासण्या चांगल्या. चांगल्या कशा? डोळ्यांपुढं माणूस पुसलं जातंय आणि म्हणे रिपोर्ट चांगले.

एका दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "साळू येती."

"स्वप्नात?"

"न्हाई... अशीच. दारात हुबी राहती. बोलत काय न्हाई."

"कशी दिसते?"

आईचे हात थांबले. "तोंड न्हाई गं तिला. मुंडकं हाय, केस हायेत... तोंड न्हाई. आणि साळूचं तोंड कसं व्हतं, ते मला आठवंना."

मी आठवायला गेले. मावशीचे हात आठवले, त्यांवरच्या भेगा आठवल्या. तिचा आवाज आठवला. पदराला येणारा धुराचा वास आठवला. चेहरा आठवायला गेले की तिथं आईचा चेहरा यायचा, फ्लेक्सवरचा, कुंकवाचा.  सख्खी बहीण विसरते, भाची विसरते, हे काय साधं विसरणं आहे?

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मामा तोच फ्लेक्स पुन्हा लावणार होता, फ्लेक्सवाल्याकडं फाईल तयारच होती. आईच्या फोटोला दुसऱ्यांदा हार पडला तर माझी आई उरायची नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या आत मावशीचा खरा चेहरा सापडायला हवा होता, बस्स.

म्हणून तो डबा बनवला.

आमच्या नात्यातले फोटो कुठं कुठं पडलेले. कोणाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरात, कोणाच्या सीडीवर, कोणाच्या फुटक्या मोबाईलमध्ये. ते सगळं एका जागी आणायचं आणि चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर त्यावर सोडायचं, असं मी ठरवलं. मामाच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड घेतला, रॅमचे पाय खोडरबरनं घासले, बंद पडलेल्या क्लासमधला एक पॉवर सप्लाय दुकानात होता तो बसवला. नवीन काही घेतलं नाही. भंगारातला पत्र्याचा डबा, भंगारातलाच पंखा. आणि डिस्का. त्यातली मोठी डिस्क भरतनं दिली. भरतचा फाट्यावर फोटो स्टुडिओ होता, आता तिथंच मोबाईलची कव्हरं विकतो. मामाकडची सगळी लग्नं त्यानंच काढलेली. "ताई, अल्बमात न घेतलेले फोटू बी ह्यात हायेत," म्हणाला. "मी सगळं ठेवायचो."

लिनक्स टाकेपर्यंत मॉनिटर लावला, मग काढून टाकला. अशा सर्वरला पडदा लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. हेडलेस, म्हणजे बिनमुंडक्याचा, म्हणतात आमच्यात. नुसता डबा कोपऱ्यात घुमत राहतो आणि घरातल्या वायफायवरून मोबाईलवर त्याच्यातलं सगळं दिसतं. आई दारातनं बघत होती. म्हणाली, "बिनतोंडाचं यंत्र घरात कशाला आणलं?" मी म्हटलं, "तोंड शोधायलाच आणलंय." ती आत निघून गेली.

जुनं मशीन, काम हळूहळू. कार्तिकातलं धुकं सकाळी उशिरापर्यंत उसावर बसून राहायचं, दिवस लवकर मावळायचा, आणि दिवेलागणीनंतर बिबट्याच्या भीतीनं रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घरात आम्ही दोघी आणि तो डबा. पंख्याची घरघर. त्यात भरतच्या डिस्कचा आवाज, टक्... टक्... बोटानं कोणीतरी पत्र्यावर वाजवावं तसा. गरम धुळीचा वास यायचा, तो जुन्या मशीनला येतोच. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यात दुसरा एक वास मिसळला. करपलेल्या भाकरीचा. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. गॅस बंद होता, तवा धुऊन पालथा घातलेला.

डब्याला नाक लावलं. वास तिथूनच येत होता.

त्या दुपारी मी मोबाईलवर सर्वर उघडला. हे सॉफ्टवेअर माणसागणिक एक गोल करतं, त्यात त्या माणसाचा चेहरा. गोलावर बोट ठेवलं की त्याचे सगळे फोटो. मामाचा गोल, मामीचा, मामाची मुलगी संस्कृती, तिचा नवरा, सगळे दिसत होते. आणि आईचा एक गोल, सगळ्यांत जास्त फोटो त्यात. मला बरंच वाटलं. म्हटलं, निदान मशीनला तरी माझी आई दिसतेय.

बोट ठेवलं.

त्यातला एकही फोटो आईचा नव्हता.

संस्कृतीची हळद. पुढं सगळ्या बायका पिवळ्या झालेल्या, मागं स्वयंपाकघराचं दार, दारात एक बाई अर्धी. विटक्या रंगाचं लुगडं, मनगटं मोकळी, हातात पिठाचं ताट. साळूमावशी. आणि त्या अंगावर माझ्या आईचं तोंड. हळदीतलं नाही. फ्लेक्सवरचं. तेच कुंकू, तोच पासपोर्ट फोटोसारखा सरळ रोखून बघणारा चेहरा, जरासुद्धा इकडंतिकडं न झालेला. अंग एका बाजूला वळलेलं आणि तोंड माझ्याकडं. पुढचा फोटो बारशाचा. दारात तीच. पुढचा वास्तुशांतीचा. जिन्यात तीच. जुन्या रिळाच्या फोटोंवरून स्कॅन केलेल्या लग्नातही तीच. तेव्हा आई पोरसवदा होती आणि तो फ्लेक्सवरचा चेहरा तर मागच्या चार-पाच वर्षांतला.

मग मी आईचे खरे फोटो शोधले. माझ्या वाढदिवसाचे, आम्ही जुन्नरला गेलो तेव्हाचे. आई होती त्यात. साडी होती, हात होते, मला कडेवर घेतलेलं होतं. चेहऱ्याच्या जागी ओल्या शाईवर बोट फिरावं तसं सगळं फिसकटलेलं.

मला मावशीचा राग आला नाही, शपथेवर सांगते. राग आला मामाचा. तिनं काही चोरलं नव्हतं. त्यांनी दहाव्याला मंत्र म्हणून, हार घालून, हजार माणसांसमोर तिला जे तोंड दिलं, ते तिनं घेतलं. दुसरं तिच्याजवळ होतं कुठं?

इतक्यात मोबाईलवर एक चौकट आली. सॉफ्टवेअर असं विचारतं, त्यात नवल नाही. दोन चेहरे शेजारी शेजारी आणि खाली प्रश्न, 'ही एकच व्यक्ती आहे का?' डावीकडं दारातली बाई. उजवीकडं आई, आत्ताची, खाटेवर बसलेली. असा फोटो मी कधी काढला नव्हता.

मी 'नाही' दाबलं. पुन्हा तीच चौकट. पुन्हा 'नाही'. डिस्क टकटकायला लागली, टक्... टक्... टक्... आणि करपल्याचा वास इतका दाट झाला की डोळ्यांत पाणी आलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, हळू, झोपेतला.

"साळू... भाकर करपती गं..."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आळ्याला गेले. मामा ओट्यावर बसून मशेरी लावत होता. मी म्हटलं, "मामा, तो फ्लेक्स लावायचा नाही."

"का? तयार तर हाय."

"मावशी दिसायला कशी होती?"

"हे काय इचारनं झालं? तुझ्या आईसारखी."

"आईसारखी नाही. तिची स्वतःची सांगा. नाक कसं होतं? दात पुढं होते का? गालावर तीळ होता का?"

मामानं बोट तोंडातून काढलं. मग आत बघून मामीला विचारलं, "अगं, साळूला तीळ व्हता का?" मामी दारात आली, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मी काय तिच्या तोंडाकडं बघत बसली व्हती का?"

ऐकलंत? दोन वेळचं जेवण तिच्या हातून घेतलं यांनी. ताट पुढं करणाऱ्या बाईच्या तोंडाकडं एकदा मान वर करून बघितलं नाही. आणि वर तोंड करून सांगतात. मी तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही. गाडीला किक मारली ती थेट भरतच्या दुकानात.

भरतला सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की साळूमावशीचा समोरून काढलेला एखादा फोटो आठवतो का. तो कव्हरं लावत होता, थांबला.

"एक काढला व्हता मी," म्हणाला. "संस्कृतीच्या लग्नात. टेस्टचा."

लग्नाआधी स्टेजचा उजेड बघायला फोटोवाले कोणालातरी नवरीच्या खुर्चीवर बसवून एक फोटो काढतात. भरत तसंच करायचा. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांत आधी मावशी आलेली, फुलांचा कचरा गोळा करत होती. यानं म्हटलं, मावशी, जरा बसता का खुर्चीवर, उजेड बघायचाय.

"नाय म्हनत व्हत्या," भरत म्हणाला. "मी म्हनलं, बसा वो, कोण नाय बघत. बसल्या. आणि लई हसल्या, ताई. असं तोंडाला पदर लावून न्हाई, मोकळं. मला तवाच वाटलं, ह्यो फोटू मोठा करून द्यावा."

"मग दिला का नाही?"

त्यानं मान खाली घातली. अल्बमचे फोटो निवडायला घरची मंडळी स्टुडिओत येऊन बसतात, तशी मामी आली होती. कॉम्प्युटरवर पहिलाच फोटो हा. मामी उसळली. विधवा बाई नवरीच्या खुर्चीवर, तीही नवरी बसायच्या आधी. माझ्या पोरीच्या संसाराला अपशकुन करतोस का म्हणून भरतला नाही नाही ते बोलली, आणि पुढ्यात उभं राहून फोटो पुसायला लावला.

"आणि घरी जाऊन त्यांना काय बोलल्या, ते देवाला ठावं," भरत म्हणाला. "त्यानंतर मावशी मला दिसल्या की तोंड फिरवायच्या."

 एकच फोटो. जन्मात एकदा बाई खुर्चीवर बसून हसली, तेवढंही यांना बघवलं नाही. पण मामीला काय माहीत, डिस्कवरनं पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथंच असतं. आणि भरतनं ती डिस्क पुढं फारशी वापरलीच नव्हती.

घरी येऊन पुसलेल्या फायली परत काढायला लावल्या. डिस्क म्हातारी, मध्येच अडकायची. डब्यापुढं पाट घेऊन बसले. आईही येऊन बसली, भिंतीला टेकून. हाक मारली नव्हती मी. दुपार कलली तेव्हा फायली निघायला लागल्या, अर्धवट, तुटक्या, नुसत्या करड्या पट्ट्या. मी एकेक उघडत होते. करपल्याचा वास अचानक थांबला. डिस्कचा आवाजही थांबला. मला वाटलं, मेली डिस्क, संपलं सगळं.

तेवढ्यात मोबाईलवर एक फोटो उतरायला लागला. वरून खाली, पट्टी पट्टीनं. आधी झेंडूच्या माळा. मग लाल मखमलीच्या खुर्चीची पाठ. मग केस. कपाळ, मोकळं.

"आई," मी म्हटलं, "बघ."

चेहरा आला. रुंद जिवणी, पुढचा एक दात किंचित तिरका, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच. आईसारखा अजिबात नव्हता. बहिणी आहेत हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं, इतका वेगळा. आणि असं हसणं, की बघणाऱ्यालाही हसू यावं. हनुवटीच्या खाली फोटो तुटला, पुढं सगळं करडं.

आईनं मोबाईल दोन्ही हातांत धरला. बराच वेळ. मग त्या खाचेवर बोट ठेवलं. "ही मी केल्याली," म्हणाली. "गोट्या खेळताना. लहान व्हतो आमी... साळूच गं ही. माझी साळू." आणि ती हमसून रडली. रात्री तिनं पोटभर जेवून घेतलं, मागून भात घेतला. सकाळी आमच्या फोटोंमध्ये तिचा चेहरा होता, जसाच्या तसा. रेशनची केवायसी पहिल्या फटक्यात झाली. देवापुढं साखर ठेवली मी. तेव्हापासून तो डबा माळ्यावर ठेवलाय, पण बंद केलेला नाही, आईचा चेहरा पुन्हा जाईल या भीतीनं.

वर्षश्राद्धाला मी स्वतःच्या खर्चानं तो हसरा फोटो मोठा करून नेला. मामी दारातच आडवी आली. खुर्ची तिनं बरोबर ओळखली.

"ह्यो फोटू माझ्या दारात लागायचा न्हाई."

"लागणार," मी म्हटलं. "नाहीतर तुमच्या सगळ्या पावण्यांसमोर सांगते हा कोणी पुसायला लावला ते." मामी बाजूला झाली. मी खिळा ठोकला, फोटो टांगला, हार आईनं घातला. येणारे पावणे फोटोपुढं थांबायचे आणि मामाला हळूच विचारायचे, "ही कोण?" मामाच्या सख्ख्या मुलानं विचारलं, ज्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं. मला ओरडावंसं वाटलं. पण छपरावर पान ठेवल्या ठेवल्या कावळा आला, आणि आईनं माझा हात दाबला.

हे इथंच संपायला हवं होतं.

चार दिवसांनी मी सर्वर उघडला. कुठल्याच दारात आता मावशी नव्हती. म्हटलं, सुटली बिचारी. मग सहज संस्कृतीच्या लग्नाचे फोटो लावले. स्टेजवर नवरदेव, आजूबाजूला वऱ्हाडी, आणि नवरीच्या खुर्चीवर साळूमावशी. हसत. पुढच्या फोटोतही तीच. मामाच्या मुलाच्या लग्नात तीच. मामामामीच्या लग्नाचा एकच जुना फोटो आहे, काळापांढरा. त्यात मामाच्या शेजारच्या पाटावरही तीच.

खरं सांगू? मला आधी समाधान वाटलं. बसू दे म्हटलं. हक्कानं बसली नाही कधी, आता बसू दे.

मग मी तो काळापांढरा फोटो जरा मोठा करून बघितला. मागं स्वयंपाकघराचं दार होतं. दारात एक बाई उभी होती, नवरीच्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली, कॅमेऱ्याकडं पाठ करून. मी मामीचा गोल उघडला. होते नव्हते तेवढे सगळे फोटो बघितले, वास्तुशांतीचे, तीर्थयात्रेचे, नातवाला मांडीवर घेतलेले. सगळ्यांत पाठ. एकातही तोंड नाही.

माझा राग तिथंच थिजला. मावशीला काय हवं होतं ते मला कळलं होतं असं मी समजत होते.

परवा संध्याकाळी मामाचा फोन आला. आई शेजारी बसून लसूण सोलत होती, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"हर्षाली... तुझी मामी सैपाकघरातनं भाईर येईना."

"आजारी आहे का?"

"न्हाई... भाकऱ्या थापती. कालपासनं. पीठ सपलं, तरी हात चालूच हायेत..." मागून आवाज येत होता. थप, थप, थप. "तोंड भितीकडं करून बसली. हाक मारली तर वळंना. मग मी म्होरं जाऊन बघितलं..."

"मग?"

 मामा इतका हळू बोलला की मला फोन कानाला लावावासा वाटला. "तिचा एक फोटू असंल तर पाठव... कुठला बी. मला नीट... मला बघू दे, ती कशी दिसती."

मी काय पाठवणार होते? त्या थपथपीच्या मागं, जरा लांबून, बैठकीच्या खोलीतून यावं तसं, कोणीतरी बाई हसत होती. मोकळं. थांबत नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "घरात अजून कोण आहे?"

"कोण न्हाई... आमी दोघंच."

आईनं लसणाची पाकळी ताटात ठेवली, मान वर केली आणि फोनकडं बघून मायेनं हसली.

"साळू लई दिसांनी हसती बघ," ती म्हणाली.